रुद्राणीच्या गाडीतली पुढची सीट

देवणीत चारचाकीतली पुढची डावी सीट रिकामी दिसली म्हणून कुणी पटकन जाऊन बसत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्याची. जावई आला तर जावयाची, मठातले स्वामी आले तर स्वामींची, बाकीच्यांनी मागे दाटीवाटीने बसायचं. रुद्राणीच्या गाडीत त्या सीटवर तिचे सासरे गुरुपादप्पा बसत. तो मान त्यांना नुसता वयामुळे मिळालेला नव्हता, त्यांनी तो मिळवला होता.

रुद्राणी कडक भाकरी करते. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. सोबत शेंगाची चटणी. आधी घरातल्या एका चुलीवर चालायचं, आता पत्र्याच्या शेडमध्ये सहा बायका थापायला बसतात. लातूरला क्लासेससाठी राहणाऱ्या पोरींच्या मेसमध्ये तिच्या भाकरी जातात. पहिली काही वर्षं तिने हे डबे एसटीने नेले. कंडक्टर म्हणायचा, "ताई, ह्या भाकरीचं पण तिकीट काढा." आणि धक्क्याधक्क्याने लातूरला पोचेपर्यंत निम्म्या भाकरींचा चुरा व्हायचा. मग तिने नांदेडच्या एका निवृत्त मास्तरांकडून, किशनरावांकडून, त्यांची जुनी पण नीट सांभाळलेली गाडी घेतली. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. गाडी चालवायला भावाच्या जीपवर, कापणी झालेल्या हरभऱ्याच्या रानात शिकली.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. शेजारी बसायला मात्र कुणी तयार नव्हतं. नवरा संगमेश्वर, एरवी बायकोच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस, त्याला नेमकं तेव्हाच बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. रुद्राणी स्टेअरिंग धरून बसली होती, कपाळावर घाम. तेवढ्यात गुरुपादप्पा घरातून आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, कपाळावर ताजी विभूती. कुणाकडे न बघता पुढचं दार उघडून बसले आणि सुनेला नेहमीच्या कानडी लाडाने म्हणाले, "चल यव्वा. कुठं जायाचं?"

त्या दिवशी ते वलांडीपर्यंत जाऊन आले. तेव्हापासून ती सीट त्यांची.

साखरेच्या आजाराने त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली होती. डाव्या डोळ्यात दर महिन्याला लातूरला इंजेक्शन घ्यावं लागे. भाकरी आणि सासरे, दोघांना घेऊन रुद्राणी निघायची. वाटेत एका डोळ्याने गुरुपादप्पा सगळ्या तालुक्याची पाहणी करायचे. कुणाचं सोयाबीन पिवळं पडलं, साकोळच्या तळ्यात पाणी किती, कुणी बांध कोरला. मागच्या सीटवरून ह्यातलं काही दिसलं नसतं.

उन्हाळ्यात किशनरावांचा फोन आला.

"रुद्राणीताई, तुमची गाडी चांगली चालून राहिली ना?"

"चांगली आहे मास्तर. का हो?"

"कंपनीचं पत्र आलंय माझ्या पत्त्यावर. पुढच्या डाव्या सीटसमोरची एअरबॅग खराब निघाली म्हणे. तुम्हाला कळवलं न्हाई तर मला झोप लागायची न्हाई."

पत्राचा फोटो त्यांनी पाठवला. रुद्राणीने तो शांतपणे दोनदा वाचला. गाडीची जोरात धडक बसली की माणूस वाचावा म्हणून ती पिशवी फुगते. तिला फुगवणारा धातूचा डबा असतो. ह्या गाड्यांमधला तो डबा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बिघडलाय, आणि फुगायच्या वेळी तोच फुटून त्याचे तुकडे समोर बसलेल्याच्या अंगात घुसू शकतात. कंपनी फुकट बदलून देईल. तोवर त्या सीटवर कुणी बसू नये.

वर्षानुवर्षांची उष्णता. तिने शेडच्या पत्र्यावर तापलेल्या उन्हाकडे बघितलं आणि पुढच्याच खेपेला लातूरच्या शोरूमला गेली.

काउंटरवरच्या करिश्मा नावाच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "मॅडम, ही गाडी नांदेडच्या नावावर दाखवते. तुम्हाला नांदेडला जावं लागेल." नांदेडला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, तुम्ही लातूर जिल्ह्यातल्या, लातूरलाच करा. लातूरने पुन्हा आरसीची झेरॉक्स मागितली. ती दिली. मग पार्ट नव्हता. "आला की कॉल करू." कॉल आला नाही. प्रत्येक खेपेला करिश्मा पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि म्हणायची, "मॅडम, तुमच्यासारखे लई जण येऊन गेले. वरूनच आला नाही." मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये फोनवर असायचे.

गावातल्या मेकॅनिकने सोपा उपाय सांगितला. "वहिनी, वायर काढून टाकतो. विषय संपला."

"आणि धडक बसली तर?"

"मग नशीब."

"नशिबावर सोडायचं असतं तर गाडीत पिशवी कशाला बसवली असती?" असं म्हणून ती निघून आली. आणि पुढच्या सीटवर तिने भाकरीचा मोठा डबा ठेवून पट्ट्याने बांधून टाकला.

त्या महिन्यात गुरुपादप्पा टोपी घालून बाहेर आले तर त्यांच्या जागेवर डबा.

"मामा, आज मागं बसा," रुद्राणी म्हणाली. पत्रात काय आहे तेही सांगितलं.

गुरुपादप्पांनी ऐकून घेतलं. "इतकी वर्सं बसलो, तवा न्हाई फुटला तो फुगा?"

"फुटला नाही म्हणजे फुटणार नाही असं थोडीच आहे?"

"आन डब्याला काय होत न्हाई?"

"डब्याला डोकं नाही, मामा."

संगमेश्वरला हसू आलं आणि तिथेच सगळं बिघडलं. गुरुपादप्पा मागे बसले खरे, पण लातूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी मंदिराच्या कट्ट्यावर त्यांचा जुना दोस्त बसवंत म्हणाला, "अप्पा, आज मागं दिसलात. सून म्हाताऱ्याला हळूहळू डिक्कीत बसवती का काय?" कट्टा हसला. गुरुपादप्पा घरी आले, न जेवता झोपले, आणि सकाळी जाहीर केलं की पुढच्या वेळी ते एसटीने जाणार.

पण पुढची तारीख आली तेव्हा पाठ दुखते म्हणून ते गेलेच नाहीत. डॉक्टरांचा रुद्राणीला फोन आला. "एक चुकलं, ठीक आहे. अजून एक चुकलं तर डाव्या डोळ्याची खात्री मी देणार नाही."

रुद्राणी सासऱ्यांसमोर खाली बसली. "मामा, उद्या जायचं आहे. मागं बसा. माझ्यासाठी."

"मी एसटीनं जाईन. माझं तिकीट फुकट हाय."

"एका डोळ्यानं उतरताना पडलात तर?"

"पडंन. पण पुढं बसून पडंन. तुझ्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं तवा मी बसलो. आता तुला गाडी चालवाया आली, आता डबा पुढं."

त्यातला पहिला अर्धा खरा होता. रुद्राणी उठून शेडकडे गेली.

सकाळी गुरुपादप्पा एसटीत चढले आणि ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरून बसले. एसटी निघाली. तिच्या मागे रुद्राणीची गाडी निघाली. एसटी वलांडीला थांबली, रुद्राणी थांबली. साकोळला थांबली, रुद्राणी थांबली. मागून येणारे टेम्पो हॉर्न वाजवून कंटाळले. शिरूर अनंतपाळला कंडक्टर खाली उतरून गाडीच्या काचेपाशी आला. "ताई, काही राहिलंय का आमच्या गाडीत?"

"सासरे आहेत माझे. पहिल्या सीटवर."

"मग हितं घ्या की, जागा दिसते."

"तेच तर भांडण आहे," रुद्राणी म्हणाली.

कंडक्टरने आत जाऊन गुरुपादप्पांना काय सांगितलं माहीत नाही, पण लातूर स्टँडवर ते उतरले तेव्हा सून पायरीपाशी हात धरायला उभी होती, आणि त्यांनी तो धरला.

"दवाखान्याचा नंबर दुपारचा आहे," ती म्हणाली. "त्याआधी शोरूमला चला. माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. ते म्हणाले पुढं बसा, तर मी डबा काढते."

"शब्द दिला?"

"दिला."

शोरूमपर्यंत मात्र ते रिक्षाने आले. गाडीत मागे बसणार नव्हते म्हणजे नव्हते.

आज रुद्राणी काउंटरवर थांबली नाही. करिश्माला नुसती मान हलवून ती सरळ केबिनच्या दारात गेली आणि मॅनेजरांना बाहेर घेऊन आली. मॅनेजर सज्जन माणूस, इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. गुरुपादप्पांनी हात जोडून त्यांना शरणार्थ म्हटलं आणि मुद्द्याला हात घातला.

"साहेब, ही म्हणती पुढच्या शिटावर बसू नका. खरं का?"

मॅनेजरांना वाटलं, तक्रार मिटवायला म्हातारबाबा बरे सापडले. ते हसून म्हणाले, "अप्पा, कंपनी काळजी म्हणून लिहिते हो. आपल्या भागात एकही केस नाही. बिनधास्त बसा. पार्ट आला की बदलूच."

गुरुपादप्पांनी सुनेकडे बघितलं. महिनाभराने त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं. "ऐकलंस?"

"ऐकलं," रुद्राणी म्हणाली. तिने गाडीचं दार उघडलं, पट्टा सोडला, डबा उचलून डिक्कीत ठेवला. मग पदराने सीट पुसली. "साहेब, बिनधास्त आहे म्हणता तर एक चक्कर मारू. त्या चौकापर्यंत. तुम्ही पुढं बसा."

"मी? नाही, नाही. अप्पा आहेत की."

गुरुपादप्पा जिंकले होते आणि जिंकलेला माणूस उदार असतो. ते स्वतः पुढे झाले, दार पूर्ण उघडलं, हाताने सीट दाखवली. "बसा साहेब. तुम्ही पाव्हणे. तुमचा मान. मी मागं बसतो, मला काय."

मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. "मला एक कॉल आहे."

"पाच मिन्टं," गुरुपादप्पा म्हणाले. त्यांना खरंच आग्रह करायचा होता.

"मी मागे बसतो अप्पा, चालेल. पुढे तुम्हीच बसा," मॅनेजर म्हणाले आणि त्यांचा हात मागच्या दाराकडे गेला.

गुरुपादप्पा दार धरून तसेच उभे राहिले. एका डोळ्याने त्यांनी मॅनेजरांचा तो हात बघितला, मग पुढची सीट, मग पुन्हा हात. काउंटरवर करिश्मा टाइप करायची थांबली होती. गुरुपादप्पांनी पुढचं दार सावकाश लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "मी किराणा विकला जल्मभर. शेंग आधी आपण चाखायची, खवट असली तर थुंकायची. गिऱ्हाइकाला न्हाई द्यायची. तुम्ही मला चाखायला सांगून राहिले."

मॅनेजरांनी मागच्या दाराकडे गेलेला हात काढून घेतला.

"आन हिच्या बाजूचा फुगा? त्याचं काय?" त्यांनी रुद्राणीकडे बोट केलं. "ही चालवती. तिच्यासमोरचा बघितला कुणी?"

हा प्रश्न रुद्राणीनेसुद्धा इतक्या दिवसांत कुणाला विचारला नव्हता.

गुरुपादप्पा शोरूममध्ये परत गेले आणि नव्या गाड्यांसमोरच्या सोफ्यावर ऐसपैस बसले. "पार्टचा पत्ता लागेस्तोवर मी हितं हाय. तुमचा सोफा चांगला हाय. पुढचा हाय."

औशाकडचं एक कुटुंब नवी गाडी बघायला आलं. गुरुपादप्पांनी त्यांना जागा करून दिली, पाणी मागवलं, पीकपाणी विचारलं. मग गाडीभोवती फिरणाऱ्या कर्त्या माणसाला विचारलं, "पुढं कोन बसनार तुमच्यात? वडील? हाव का? मग साहेबांना विचारा, पार्ट मिळतात का."

त्या माणसाने विचारलं. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर फोन लावला, आणि इतके दिवस 'वरून' न आलेला पार्ट सोलापूरच्या गोदामात असल्याचं पहिल्यांदाच निघालं. कॉम्प्युटरमध्ये गाडी रुद्राणीच्या नावावर चढली. तारीख लिहून मिळाली. करिश्माने तो कागद देताना हळूच म्हटलं, "मॅडम, अप्पांना रोज पाठवा."

बाहेर आल्यावर रुद्राणी काही बोलायच्या आत गुरुपादप्पांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले. "चल यव्वा. इंजेक्शन चुकंल."

येताना त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. मागे बसून त्यांना समोरची सीटसुद्धा दिसत नव्हती. साकोळजवळ रुद्राणी आपणहून म्हणाली, "तळं अर्ध्याच्या वर आहे मामा. कडेचं सोयाबीन हिरवंगार आहे."

"आन बांध?"

"बांध कोरलाय कुणीतरी. डावीकडचा."

"मला माहीत हाय कोन ते," गुरुपादप्पा समाधानाने म्हणाले.

कट्टा आला की सांग म्हणून त्यांनी तिथे गाडी थांबवायला लावली आणि चाचपून काच खाली केली. बसवंत उठून आला. "अप्पा, पुन्हा मागंच?"

"हाव," गुरुपादप्पा म्हणाले. "गाडी सुनेची हाय. ती म्हणंल तिथं बसायचं. लातूरचा मॅनेजर पण मागंच बसत होता, विचार तिला."

आजवर ते 'आमची गाडी' म्हणत. संगमेश्वर 'घरची गाडी' म्हणायचा. गावासाठी ती संगमेश्वरची गाडी होती. रुद्राणीने गिअर टाकला. घरापर्यंतचा रस्ता तिने जरा हळूच घेतला.

लिहून दिलेली तारीख एकदा पुढे गेली. गुरुपादप्पांनी सोफ्यावर बसायला येऊ का असं फोनवर विचारल्यावर मात्र पुन्हा गेली नाही. एअरबॅग बदलून झाली तेव्हा ते सोबतच होते. शोरूमच्या मेकॅनिकने हात पुसत पुढचं दार उघडून धरलं. "बसा अप्पा, झालं."

गुरुपादप्पा बसले नाहीत. "हिच्या बाजूचा बघितला का?"

"बघितला. तो ठीक आहे. त्या यादीत नाही."

"लिहून दे."

मेकॅनिकने मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजरांनी मुकाट्याने खिशातलं पेन काढून दिलं. कागद हातात आल्यावर गुरुपादप्पांनी तो रुद्राणीला वाचायला लावला, घडी करून टोपीत ठेवला. मग टोपी नीट केली, धोतराचा सोगा आवरला आणि पुढच्या सीटवर बसले.

"चल यव्वा," ते म्हणाले. "मेसवाल्या पोरी भुकेल्या असतील."