सुईणमावशीची साक्ष

बावीस वर्षांनी देशात मतदान होणार होतं आणि आमच्या वस्तीत कोणाकडेच धड जन्माचा दाखला नव्हता.

दोरखंडाच्या कारखान्यामागची वस्ती ती. दीड हजार माणसं, तीन नळ, एक शाळा. त्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते, म्हणून यादीच्या कामाला मलाच जुंपलं. अठरा पूर्ण असल्याचा कागद आणायचा, आणि कागद नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस आणायचं, असा नियम होता. पहिल्या दिवशी सकाळी सहालाच शाळेच्या पटांगणात रांग लागली. लोक केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून आले होते. दुपारपर्यंत त्यांतल्या सत्त्याण्णव जणांना आम्ही हात हलवत परत पाठवलं.

"आई गेली, बाप गेला. माझा जन्म बघितलेलं माणूस आता कुठून पैदा करू?" एक दोर वळणारा वैतागून म्हणाला.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, मावशी आहे की!"

मग काय, सगळी रांगच ओरडायला लागली. दोघीजणी पळत गेल्या आणि सुईणमावशीला घेऊनच आल्या. सत्तरीची, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई. धुणं अर्धवट टाकून आली असावी. कोपरापर्यंत साबणाचा फेस तसाच होता. चाळीस वर्षं वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक मूल पहिल्यांदा तिच्याच हातात आलं होतं. तिला लिहिता-वाचता मात्र येत नव्हतं.

नोंदणी अधिकारी नियमाबाहेर एक पाऊल न टाकणारे. "आजी, इतक्या जणांची वयं तुम्हाला कशी आठवतील?"

"वय नाही आठवत, दिवस आठवतो," मावशी म्हणाली. तिने दोरवाल्याकडे बोट केलं. "हा कारखान्याचं धुराडं कोसळलं त्या दिवशीचा. पायाळू. पाय झटकन बाहेर आले आणि पुढे यायचं की नाही याचा विचार करत बसला. अजूनही तसाच आहे, बायकोला विचारा."

पटांगण खो-खो हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कारखान्यातून धुराडं पडल्याची तारीख मागवली. तेवीस वर्षं झाली होती. तरी त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी शाळेचा दाखला असलेले वीस जण ओळीने उभे केले, दाखले स्वतःच्या हातात धरले आणि म्हणाले, "सांगा."

मावशी एकेकासमोर थांबत गेली. पुराच्या वर्षातली. संप मिटला त्या पहाटेचा. ही जुळ्यांतली धाकटी. मी कागदावर खुणा करत होते. एकोणीस बरोबर! विसाव्याला ती म्हणाली, "एकोणीस पूर्ण." दाखल्यावर सतरा होती.

"चुकलात, आजी," साहेब म्हणाले.

तेवढ्यात त्या पोराचा बाप कान खाजवत पुढे आला. "साहेब, शाळेत घालताना दोन वर्षं मीच कमी सांगितली होती. नापास झाला तर वयात बसावा म्हणून."

असा गलका झाला म्हणून सांगू! साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "बाईंना खुर्ची द्या."

पुढचे दोन दिवस म्हणजे नुसती धमाल. मावशी बोलायची, मी लिहायचे, साहेब सही करायचे. बायका मुलं काखेत घेऊन यायच्या, नाव चढलं की परत मागे जाऊन रांगेतल्यांना सांगायच्या. कोण कुणाआधी जन्मलं यावरून दोन जावांचं तिथेच भांडण जुंपलं. ज्यांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, ती माणसं आपलं नाव नीट लिहिलंय ना म्हणून माझ्या खांद्यावरून डोकावत होती. वाचता येत नव्हतं, तरी डोकावत होती. चारशेच्या वर नावं झाली.

तिसऱ्या दिवशी कारखान्याचा मुकादम दोन ट्रक भरून माणसं घेऊन आला. कारखानदाराचा मेहुणा निवडणुकीला उभा होता. त्याच्यासमोर दवाखान्यातली नर्स.

"मावशी, ही आपलीच पोरं," मुकादम गोड आवाजात म्हणाला. "चढवा नावं."

मावशी ट्रकपाशी जाऊन एकेकाचं तोंड निरखून आली. "यातल्या एकाचीही नाळ मी कापलेली नाही."

"विसरला असाल. वय झालं आता."

"वय झालं म्हणतोस? मग कालपर्यंतची चारशे नावंही खोटी. साहेब, खोडा सगळी. ह्याचं नाव पण खोडा, ह्यालाही मीच काढलाय."

लोक फिदीफिदी हसले. मुकादमाचा चेहरा उतरला. फाटकाकडे वळता वळता तो हळूच म्हणाला, "तुमचं घर कारखान्याच्या जागेवर आहे, मावशी."

ती पाणी प्यायला उठली. मी मागोमाग गेले. तिने नळाखाली ओंजळ धरली. "बाई," ती म्हणाली, "घाबरले गं मी." मग तोंडावर पाणी मारून परत खुर्चीवर येऊन बसली.

आणि रांगेत पुढे कोण, तर तिची स्वतःची नात. नर्सच्या प्रचारात सगळ्यात पुढे हीच असायची. भिंती रंगवून रंगवून नखं निळी झाली होती. मुकादम फाटकाशी हाताची घडी घालून बघत उभा राहिला.

"आजी, सांग ना," नात हसत म्हणाली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पेनाकडे. नर्सने निवडून यावं असं मावशीलाही फार वाटत होतं, हे मला ठाऊक होतं.

"दोन महिने कमी आहेत," ती म्हणाली.

"आजी! दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"तुला दोन महिने सोडले, तर त्याला दोन ट्रक सोडावे लागतील."

नात रडत, पाय आपटत निघून गेली. मुकादमाने हाताची घडी सोडली आणि ट्रकवाल्यांना निघायची खूण केली. त्याचे ट्रक आले तसेच परत गेले.

आठवड्याने मावशीच्या दारावर घर रिकामं करण्याची नोटीस लागली. नात तिच्याशी बोलत नव्हती, पण ती नोटीस घेऊन तीच वकिलाकडे गेली आणि तारीख मिळवून आली. येऊन पुन्हा अबोला.

मतदानाच्या दिवशी शाळेचं दार उघडायच्या दीड तास आधी रांग कारखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. मावशी शाई लागलेलं बोट उंच धरून बाहेर आली आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. नात फाटकाशी उभी होती. न राहवून तिने विचारलं, "कोणाला दिलंस?"

"ते सांगायचं नसतं," मावशी ठसक्यात म्हणाली. नातीला हसू फुटलं आणि महिनाभराचा अबोला तिथेच संपला.

मेहुणाच निवडून आला. दोनशे सहा मतांनी. मला वाटलं, संपलं सगळं.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात हजर. "बाई, अर्ज लिहा. चौथा नळ."

"मावशी, तो तर आपल्या विरुद्धचा."

"होता. आता आपला आहे. मत मागायला आला होता ना घरोघर? आता आपण जाऊ."

साठ-सत्तर बायका गेलो. बंगल्याच्या फाटकाशी मुकादम आडवा आला. तोवर आतून मेहुणाच बाहेर आला आणि एवढी गर्दी बघून पायरीवरच थबकला. मावशीने अर्ज पुढे केला. त्याने तो उभ्या उभ्या वाचला, दोनदा वाचला. "बघतो," म्हणाला.

"कधी?" नात मागून ओरडली.

"कधी? कधी?" सगळ्याच ओरडायला लागल्या, मीसुद्धा. शाळेत मुलांना गप्प बसवणारी मी, गळा फाडून ओरडत होते. त्याने खिसे चाचपले, पेन सापडेना. मी माझं दिलं आणि त्याने अर्जावर तारीख टाकली.

नळ त्या तारखेनंतर पाच महिन्यांनी आला. त्या पाच महिन्यांत आम्ही अकरा वेळा गेलो. घराच्या खटल्याच्या तारखा अजून पडताहेत. मावशी प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर जाऊन बसते. आमच्याच वकिलाला घाम फुटतो, कारण मधेच उठून ती न्यायाधीशांना स्वतःच सगळं सांगायला लागते.