चिठ्ठी परत डब्यात

आमच्या स्टाफरूममध्ये वेळेवर येणारी माणसं दोनच. एक कलावतीबाई आणि दुसरा मी. त्या येतात सवयीने, मी येतो त्यांच्याशी वाद घालायला मिळावा म्हणून. मी भिवंडीजवळच्या दापोड्याचा, अर्थशास्त्र शिकवतो आणि तोंडाने फटकळ आहे, हे सगळं कॉलेज जाणतं. बाई वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावातून एस.टी.ने येतात, संख्याशास्त्र शिकवतात आणि माझ्या दहा वाक्यांना एका वाक्यात गार करतात.

एम.एस्सी.ला त्यांचा विषय आहे ‘यादृच्छिक प्रक्रिया’. हे नाव घ्यायचं म्हणजे आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. सोप्या भाषेत सांगायचं तर पुढचं पाऊल कुठे पडेल ते ज्याचं सांगता येत नाही, त्याचा अभ्यास. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात थरथरणारा कण घ्या, नाहीतर बाजारात वरखाली होणारा शेअर घ्या, बाई म्हणतात दोघांच्या मागचं गणित एकच. बाईंचं स्वतःचं संशोधन भटकत निघालेली वस्तू मूळ जागी परत कधी येते यावर आहे. मी त्याला दारुड्याचा हिशेब म्हणतो.

“त्यात संशोधन कसलं?” मी एकदा म्हटलं. “दारुडा घरी येतोच. त्याच्या बायकोला विचारा.”

“रस्त्यावर भटकत असेल तर येतो, मैदानात असेल तरी कधी ना कधी येतो,” बाई पेपर तपासता तपासता म्हणाल्या. “आभाळात उडायला लागला, तर मात्र खात्री नाही. हे सिद्ध झालेलं आहे, केसरी सर.”

त्यांचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले, लेख कोणी वाचला नाही. मोबाईलवर ट्रेडिंग करणारी पोरं तेवढी त्यांना धरून बसली, मॅडम, उद्या कोणता शेअर वर जाईल? बाई म्हणाल्या, “ते मला कळत असतं तर मी एस.टी.ला लोंबकळले असते का?”

या सगळ्याची सुरुवात भिवंडीतल्या नारपोलीत झाली. बाईंच्या वडिलांची तिथे लूमवर ड्युटी होती. लहानपणी त्यांचा डबा पोचवायला जायच्या, तेव्हा छपरातून उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाची तुसं नाचायची, ती बघत उभ्या राहायच्या. एकदा विचारलं, “बाबा, हे कुठे जायचं ते कोण ठरवतं?” वडील म्हणाले, “कोणीच न्हाय ठरवत. तू डबा ठेव आनि शाळंत पळ.” त्या ‘कोणीच न्हाय’चा पिच्छा बाईंनी अजून सोडलेला नाही.

शाळेत मात्र सगळं ठरवणारे मास्तर होते. फळ्यावर गणित सोडवायला ते पुढच्या बाकांवरच्याच पोरांना बोलवायचे. बाई शेवटच्या बाकावर, बुद्धवाड्यातल्या पोरांबरोबर. उत्तर येत असायचं, हात वर करून करून खांदा भरून यायचा, पण शाळा सुटेपर्यंत त्यांच्या हातात काही खडू आला नाही. का, ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही आणि बुद्धवाड्यातल्या पोरांना ते विचारायची गरजही नव्हती.

म्हणून शिकवायला लागल्यावर बाईंनी वडिलांचा तो अॅल्युमिनियमचा डबा काढला आणि त्यात वर्गातल्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी टाकली. रोज तासाला डबा हलवायचा, एक चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने फळ्यावर यायचं आणि चिठ्ठी परत डब्यात. परत का? तर काल आलेला आज निर्धास्त झोपू नये म्हणून आणि पोरांना हा विषय स्वतः अनुभवता यावा म्हणूनही. “डब्याला जात कळत नाही, धर्म कळत नाही, काल कोण आलं तेही आठवत नाही,” बाई अभिमानाने सांगायच्या. तो डबा म्हणजे त्यांचा जीव होता.

यंदाच्या अकरा जणांच्या वर्गात अलिजा होती. नारपोलीतल्या सत्तारभाईंची मुलगी, घरचे थोडे लूम, कोकणी मुसलमानांचं जुनं घर. पोरगी भलतीच बुजरी. तिचा पहिला पेपर तपासून बाई मला म्हणाल्या होत्या, “ही माझ्या पुढे जाईल.” वर्गात मात्र ती तोंड म्हणून उघडायची नाही. आणि डब्याला काय सुचलं कोण जाणे, एका आठवड्यात तिची चिठ्ठी तीनदा निघाली. पुढच्या सोमवारी परत तीच. त्या दिवशी फळ्यापाशी तिचा हात इतका कापला की खडू खाली पडला आणि मागून कोणीतरी हसलं. मंगळवारपासून अलिजा यायची बंद झाली.

गुरुवारी सत्तारभाई स्टाफरूममध्ये आले. माणूस सभ्य, खुर्चीच्या टोकावर बसून बोलत होते.

“मॅडम, बुरा नका मानू. वर्गात अकरा पोरं हायत. मग दरवेळी आमचीच पोर का? आमच्या अम्मी तीस साल मोहल्ल्याची बीसी चालवतात. एकदा चिठ्ठी निघाली की ती बाहेर. तेच नाव परत निघालं तर लोक काय बोलतात? हाथ की सफाई. अम्मी बोलतात, बस झालं कॉलेज.”

भिवंडीत हे कोणालाही पटेल. घरोघरी ही बीसी, म्हणजे भिशी, चालते. दर महिन्याला सगळ्या बायका पैसे घालतात, जिची चिठ्ठी निघेल ती रक्कम उचलते आणि मग तिचं नाव पुन्हा घालत नाहीत. नाव दुसऱ्यांदा निघणं म्हणजे चोरी, दुसरं काही असूच शकत नाही.

बाईंचा चेहरा पार उतरला. ‘आमचीच का’ हा प्रश्न त्यांनी अख्खं लहानपण मनातल्या मनात विचारला होता आणि आज तो कोणीतरी त्यांनाच विचारत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

सत्तारभाई चहालाही थांबायला तयार नव्हते, म्हणून मी मध्येच म्हटलं, “बाई, त्या पोरीची चिठ्ठी महिनाभर काढून ठेवा. कोणाला कळतंय?”

“केसरी सर, कोणाची चिठ्ठी असावी आणि कोणाची नसावी हे मी ठरवायला लागले, की मग मीच तो मास्तर,” बाई म्हणाल्या. मग सत्तारभाईंकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे पुढची बीसी कधी आहे?”

“उद्याच हाय.”

“मी आले तर चालेल?”

पाहुण्याला नको म्हणणारं ते घर नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी बाईंना स्कूटरवर मागे बसवून नारपोलीला नेलं. मांडीवर डबा धरून बसल्या होत्या. खाली लूमचा खडखडाट, वर घर. बायका आतल्या खोलीत, म्हणून मी आणि सत्तारभाई पडद्याच्या बाहेर चहा घेत बसलो आणि दोघांनीही आपण ऐकत नाही असं दाखवत कान आत लावले.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या,” सत्तारभाईंच्या अम्मीचा, हबीबादादींचा आवाज आला. “पन चिठ्ठीचं काम मला नका शिकवू.”

“शिकवायला नाही आले, आजी. तुमची बीसी झाली की एक खेळ माझ्या डब्याने खेळू. नावं इथल्या बायकांची, हात तुमचा. फक्त निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची.”

बायकांना खेळ आवडला. दादी एकेक नाव काढून वाचायला लावत होत्या. आधी सगळी वेगवेगळी निघाली. मग शेजारची रुकय्या. मग दोन दुसऱ्या आणि परत रुकय्या. खोलीत खसखस पिकली. आणखी थोड्या चिठ्ठ्या झाल्या आणि तिसऱ्यांदा रुकय्या निघाली, तेव्हा हसणं थांबलं.

“हबीबाआपा,” एक बाई म्हणाली, “रुकय्याची चिठ्ठी मुठीतच धरून ठेवली काय? माझं तर एकदा पन न्हाय आलं.”

“अल्ला कसम, माझा हात साफ हाय!” दादी कडाडल्या. “तीस साल झाले, कोनाची हिंमत न्हाय झाली...” ‘हाथ की सफाई’ हा आपलाच शब्द त्यांना आठवला असावा.

मला वाटलं, बाई, आता तरी बोला की हो! पण आतून जो आवाज आला तो मी कधी ऐकलेलाच नव्हता.

“दादी, खाली लूम चालू हायत ना? एकाचा धागा तुटला, जोडला. आता बाकी सगळ्या लूमचे धागे तुटेपर्यंत तो परत तुटायचा थांबतो काय?”

“छे! मेला तोच परत तुटतो कधी कधी. लई सतावतो.”

“का?”

“का म्हंजे? धाग्याला काय ठाऊक, आताच तुटला होता ते?”

“बस, दादी. चिठ्ठीला पन न्हाय ठाऊक.”

सत्तारभाईंचा कप बशीवर वाजला. ज्या बाईचं नाव एकदाही आलं नव्हतं ती हट्टाला पेटली, मग माझंच का नाही ते सांग. तशी अलिजाने कापडावर खूण करायचा निळा खडू मागून घेतला. सत्तारभाईंनी न राहवून पडदा जरासा बाजूला केला. पोरगी लादीवर बसून प्रत्येकीच्या नावाचं एक घर आखत होती, रुकय्याच्या घरात तीन ठिपके, काही घरं रिकामी, आणि सांगत होती की प्रत्येकीचं नाव बरोबर एकेकदाच आलं असतं, तर संशय तेव्हा घ्यायला हवा होता. तिचा हात जरासुद्धा कापत नव्हता.

“ही आपलीच अलिजा काय?” सत्तारभाई मला विचारत होते.

दादींनी निकाल दिला. “मॅडमचा हात साफ हाय. पोरगी कॉलेजला जाईल. पन आपल्या बीसीत हे न्हाय चालायचं हां, ही रुकय्या तिनदा उचलून जाईल!”

सोमवारी माझा तास बाईंच्या शेजारच्या वर्गात होता. पोरांना काहीतरी लिहायला देऊन मी बाहेर आलो आणि त्यांच्या दारापाशी उभा राहिलो. बाईंनी डबा हलवला, चिठ्ठी काढली. “ओमकार.”

ओमकार उठायच्या आत अलिजा उभी राहिली. तिने हात वर केला होता, अगदी खांद्यातून ताणून.

“मॅडम, आज माझं नाव नाही आलं. पण मी येऊ का?”

बाईंच्या डब्याचा नियम इतक्या वर्षांत कधी मोडला नव्हता. त्यांनी ओमकारची चिठ्ठी परत डब्यात टाकली, झाकण लावलं आणि अलिजाच्या हातात खडू दिला. ओमकारने हुश्श केलं.

अलिजा फळ्याकडे वळली, तेव्हा बाई सगळे बाक ओलांडून मागे गेल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.