शिकंज्यातली शाल

आमचे काका पुस्तकं बांधायचे. चाळीस वर्षं बांधत राहिल्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचा एकच उपाय ठरलेला: ओढून शिवा आणि दाबून ठेवा. चुरगळलेलं पत्र असो की घरातलं भांडण. आम्ही पुतणेमंडळी त्यांना दाबकाका म्हणायचो, आणि त्यात मी सर्वांत पुढे.

काकूंचा उजवा हात अर्धांगवायूने गेला तेव्हा एक राखाडी शाल अर्धी झाली होती. बावीस ओळी. काकू क्रोशाने दाण्यांचं विणकाम करायच्या. वाटाण्याएवढे टपोरे दाणे. वरून हात फिरवला तर तळहाताला गुदगुल्या व्हायच्या.

इस्पितळातून आल्यावर काकू बोलेनाशा झाल्या. जीभ शाबूत होती, बोलायचंच नव्हतं. दोन घास खायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. महिनाभराने काका ती शाल टोपलीत कोंबत होते, क्रोशाची सुई मुठीत धरून, कागदाला भोकं पाडायचा टोचा धरतात तशी. तेव्हा पलंगावरून आवाज आला, "अहो, सुई आहे ती, टोचा नव्हे."

काका तिथेच खाली बसले. "मग शिकव."

"तुम्हाला? त्यापेक्षा मांजराला शिकवीन. तेही गुंताच करतं, पण निदान दिसायला गोड असतं."

शाल चालू राहिली तर बायको बोलती राहील, एवढं काकांना कळलं. त्या दिवसापासून दुकान दुपारी बंद आणि शिकवणी सुरू.

"एकाच घरात पाच खांब घाला, उभे टाके. आता सुई काढा. पहिल्या खांबाच्या डोक्यातून घाला, सुटलेला फास पकडा आणि ओढा. हळू! पुस्तक शिवताय का?"

खांब काका मोजून घालत. पण ओढायची वेळ आली की बोटांत चाळीस वर्षं संचारत. दाणा फुगण्याऐवजी आवळून जाई.

"हा दाणा नाही, खडा आहे," काकू म्हणत. "जेवणात आला असता तर दात पडला असता."

दुकानात मी त्यांच्या हाताखाली काम करायचो; काका सकाळी येऊन हे मला ऐकवत, बक्षीस मिळाल्यासारखं. "आज दोनदा गाढव म्हणाली! आणि नीट जेवली."

चार महिन्यांत तीन ओळी झाल्या. त्या इतक्या घट्ट होत्या की शालीची कड आत ओढली गेली आणि मधला भाग वर फुगून आला.

"शाल विणताय की टोपी?" काकू म्हणाल्या. "उद्या सगळं उसवा."

काकांनी त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा मोजल्या. चार महिने उसवायचे, आणि पुन्हा जमलं नाही तर? मग वाकडा झालेला पुठ्ठा जसा सरळ करतात तसंच त्यांनी केलं. गुपचूप शाल दुकानात आणली, पाणी शिंपडलं, दोन फळ्यांमध्ये घातली, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात ठेवली आणि सगळा भार टाकून चाक फिरवलं. मी समोरच होतो.

"काका, वर सोनेरी अक्षरात नाव पण छापा," म्हणालो. खोखो हसलो. थांबवायचं मात्र सुचलं नाही.

दोन दिवसांनी शाल निघाली ती अगदी सरळ. काकांचे दाणे सपाट झाले होते. काकूंचेही झाले होते. बावीसच्या बावीस ओळी फळीसारख्या, वर लाकडाच्या रेघा उठलेल्या.

ती घेऊन काका घरी गेले तेव्हा मीही मागे होतो. काकूंनी डावा हात शालीवर ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेला. मग परत आणला.

"माझं कुठे संपलं?" त्यांनी विचारलं.

काकांनी चष्मा लावला. एक जागा दाखवली. मग म्हणाले, नाही, इथे. मग बोट मागे घेतलं.

"अगं, रागव ना," ते म्हणाले. "काय वाट्टेल ते बोल."

काकूंनी एका हाताने शालीची घडी घालून पाहिली. जमेना. तशीच ती त्यांच्याकडे सरकवली आणि कूस बदलली.

काकांनी किटली चढवली. वाफेवर शाल धरून एकेक दाणा नखाने उचकू लागले. वाफेने बोटं लाल झाली, तरी हात मागे घेतला नाही. "हा उठतोय बघ," ते मोठ्याने म्हणाले, "हा पण उठतोय." किटली कोरडी पडेपर्यंत ते तसंच सांगत होते. एकही उठला नव्हता, आणि काकूंनी मान वळवली नव्हती.