मोडीत निघालेल्या गाडीतून डायमंड हार्बर

डायमंड हार्बरला जायला सियालदहहून रेल्वे आहे, बस आहे. तेवढंच हवं असेल तर पुढे वाचू नका. आम्ही आमच्या जुन्या गाडीने गेलो, आणि ती दुसऱ्याच दिवशी मोडीत जायची होती.

झालं असं. आमचे हे खिदिरपूरला गोदीच्या ऑफिसात आहेत. नव्या गाडीसाठी नाव लावून सहा वर्षं झाली, नंबर काही येत नाही. तशात साहेबांनी कागद काढला. जो जुनी गाडी मोडीत देईल त्याचं नाव यादीत वर. अट एकच, गाडी मोडीच्या आवारात स्वतःच्या चाकांवर चालत आली पाहिजे. कुणी नुसता सांगाडा आणून नंबर लाटायला नको, म्हणून.

आमची गाडी एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना विकलेली. कागद निघाला त्या वेळी ती दोन महिने बंद होती. मग बेहालाच्या हारूदाला बोलावलं. जुन्या गाड्यांचा मिस्त्री, या गाड्यांवर त्याचा जीव. दुरुस्ती कशासाठी ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने हात लावला नसता. त्याने आठ दिवस मान मोडून काम केलं आणि स्वतःच्या ट्रंकेतला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला पेट्रोलचा पंप काढून बसवला. असले पंप आता मिळत नाहीत.

"बौदी, आता गंगेपर्यंत जाऊन या," म्हणाला. बौदी म्हणजे वहिनी. "मी पण येतो. बघू द्या मला."

रविवारी सकाळी सहाला निघालो. तुम्हीही सहालाच निघा. नंतर बेहालात ट्राम, ठेले, रिक्षा यांत तासभर जातो. हँडल मीच मारते, यांची कंबर धरते. एका फेरीत गाडी सुरू झाली. समोरच्या गॅलरीतले लोक एरवी हसतात, त्या दिवशी नुसते बघत राहिले.

ठाकूरपुकूर सोडलं की रस्ता मोकळा. दोन्हीकडे भात, तळी, केळी. रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली तर कडेच्या मातीत उतरावं लागतं. चाक माझ्या हातात होतं, मी नाही उतरले. बसवाला उतरला. इंजिन तापलं तर ओतायला पाण्याचे दोन डबे बरोबर ठेवा. आम्हाला एकच लागला, तोही आमतल्याच्या बाजारात. तिथे मुढी, म्हणजे चुरमुरे, आणि गरम बेगुनी खा, म्हणजे वांग्याची भजी. चौघांना पुरेल एवढी आम्ही तिघांनी संपवली.

साडेनऊला नदीवर होतो. पलीकडचा काठ दिसत नाही इतकी रुंद. खिदिरपूरला निघालेलं एक जहाज हळूहळू चाललं होतं. पोळ्या आणि बटाट्याची भाजी सोडली. हे एकदम खुशीत. हारूदाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कमाल केलीस. उद्या मोडीच्या आवारात अशीच चालत जाईल."

हारूदाचा घास हातातच राहिला. "कुठे?"

मग सगळं सांगावं लागलं. तो यांच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"बौदी, तिथे काय करतात माहीत आहे? इंजिन चालू ठेवून तेलात वाळू घालतात. ओरडून ओरडून बंद पडेपर्यंत. परत कुणी वापरू नये म्हणून." मग म्हणाला, "फाशी द्यायची म्हणून डॉक्टर आणून बरी केलीत तिला. माझा पंप काढून द्या. तुम्हाला घरी पोचवतो, मग काढतो."

मी यांच्याकडे बघितलं.

"अगं, सहा वर्षं थांबलोय," हे म्हणाले. "ऑफिसात सगळे मला टांगेवाला म्हणतात."

"टांगेवाला पोचला की नाही तीस मैल?" मी म्हटलं.

"प्रश्न तो नाही."

"मग कोणता? चालते म्हणून मोडायची, आणि चालत नसती तर ठेवायची. हे तुमच्या साहेबांना कळत असेल. मला चौथीपर्यंतच शिकवलंय."

हे उठून नदीकडे बघत उभे राहिले. परतताना इंजिन तेवढं एका लयीत बोलत होतं.

आमतल्याला तेल बघितलं. कमी होतं. डबा होता, नरसाळं घरी राहिलं होतं. मी यांच्या खिशातून ऑफिसचा तो फॉर्म काढला, गुंडाळी केली आणि इंजिनात खोवली.

"अगं, त्यावर साहेबांची सही आहे."

"बरं झालं. जाड कागद आहे."

हारूदाने तेल ओतलं. यांनी पुढे होऊन कागदाचं टोक धरलं, थेंब बाहेर सांडू नये म्हणून. बेहालाला हारूदा उतरला. पंपाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

याला दीड वर्ष झालं. ऑफिसातल्या तिघांनी गाड्या मोडीत दिल्या. एकाला नवी मिळाली, दोघे ट्रामने येतात आणि पाऊस असला की आमच्या मागच्या सीटवर बसतात. टांगेवाला आता कुणी म्हणत नाही. आमचा नंबर अजून आलेला नाही, आणि हे विचारायलाही जात नाहीत.

तो कागद सीटखाली आहे. तेल पिऊन काळा झालाय, पण नरसाळ्याला अजून चालतो.