खुंटीवरची छत्री

माझा पुतण्या चि. भरत याने परवा येथे लिहिले, ‘आज आमची ईश्वरी शाळेतून पळाली आणि हमरस्त्यावर सापडली.’ ईश्वरी पळाली नाही आणि हमरस्त्यावर सापडलीही नाही. भरतने ऐकीव माहितीवर लिहिले. मी तेथे होतो, म्हणून लिहितो आहे.

घाईचे कारणही सांगतो. ती पोस्ट गावभर फिरली… काही घरांनी मुले पाठवणे थांबवले. उद्याच्या पालकसभेत बालवर्गाच्या मार्थाबाईंना काढून टाकण्याची मागणी होणार, असे कानावर आहे.

टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावातील ही ख्रिस्ती शाळा अगदी लहान. प्रार्थनामंदिराला लागून दोन खोल्या आणि एक व्हरांडा. ईश्वरी ही माझी नात, चार वर्षांची. तिचे आईवडील सकाळच्या बसने जालन्याला कामावर जातात, म्हणून तिला पोहोचवणे आणि आणणे माझ्याकडे.

पहिल्या दिवशी ती माझा सदरा सोडीना. मी शांतपणे म्हणालो, “शाळा सुटताच मी तुला न्यायला येईन.” आयुष्यभर मराठी शिकवले; वाक्यात काही उणे नव्हते… ती अधिकच रडू लागली.

मार्थाबाई हसल्या. “सर, तुमचं बोलणं बराबर आहे, पण लेकराला ते दिसत न्हाई. तुमची एखादी वस्तू ठेवून जा.”

त्यांची ही पद्धतच आहे. व्हरांड्यात मुलांच्या उंचीवर खुंट्या आहेत. नव्या मुलाला सोडायला आलेले माणूस आपली एक वस्तू तेथे टांगून जाते… कोणाच्या आईची ओढणी, कोणाच्या आजोबांची टोपी, कोणाची रिकामी पिशवी. वस्तू आहे, म्हणजे माणूस येणार.

मी माझी काळी छत्री टांगली. ईश्वरी मधूनच येऊन तिच्या मुठीला हात लावून जाई. रडणे थांबले. घरी भाकरीपूर्वी हात जोडून ती ‘आमेन’ म्हणू लागली. तिची आजी आधी बावरली, आता तीही तेवढे थांबते.

त्या दिवशी मी ओट्यावर बसलो असताना मार्थाबाईंचा फोन आला. “सर, ईश्वरी घरी आली का हो?”

मी कसा चाललो, ते आठवत नाही. शाळेपुढच्या रस्त्याने दिवसभर ट्रॅक्टर जातात. मागे जुनी विहीर आहे. तिच्यावर जाळी आहे, पण त्या क्षणी जाळीवर विश्वास बसेना. मी वाकून पाहिले. पाणी स्तब्ध होते… आणि तेच मला भिववीत होते.

मार्थाबाई अनवाणी आवारभर हाका मारत होत्या. आवाज पार बसला होता. फाटकावरच्या मावशी रडकुंडीला येऊन म्हणत होत्या, “ह्या फाटकातून लेकरू गेलंच न्हाई, सर!”

मी व्हरांड्यात आलो. माझी छत्री नव्हती. मग दिसले… एकही वस्तू नव्हती. सगळ्या खुंट्या रिकाम्या. छत्री एखादा चोर नेईल; विटकी ओढणी आणि फाटकी पिशवी कोण नेणार?

प्रार्थनामंदिराचे दार किंचित उघडे होते. शेवटच्या बाकाखाली ओढण्या, टोप्या, पिशव्या यांचा ढीग होता, आणि त्यावर दोन्ही हात पसरून ईश्वरी पडली होती.

“भरतकाकांनी छत्री नेली,” ती कुजबुजली. “हे पन नेतील. मंग ह्यांच्या आया कशा येतील?”

मग माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. “आबा… छत्री न्हाई, तरी तुम्ही कसे आले?”

मी तिला उचलून कडेवर घेतले.

भरत मोटारसायकलवरून जाताना त्याला छत्री दिसली होती. ओळखीचा म्हणून मावशींनी अडवले नाही. काल सकाळी शाळेआधी त्याच्याकडून छत्री परत आणताना मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, ऊन लई होतं. म्हणलं तुम्ही इसरले.” सगळे ऐकल्यावर मात्र म्हणाला, “मंग मीच केलं म्हणा की!” पोस्ट काढून टाकतो म्हणाला. मी नको म्हटले. पुसल्याने चूक दुरुस्त होत नाही.

ईश्वरी वर्गाबाहेर गेली तेव्हा बाईंचे लक्ष नव्हते, हे खरे. त्या एका आजारी मुलाची उलटी पुसत होत्या, हेही खरे. सभेत दोन्ही सांगेन… ऐकतील ना, एवढीच धास्ती आहे.

आता वार नीट लावतो, कारण भरतने तेही चुकवले आहेत.

छत्री गेली ती गुरुवारी, शुक्रवारी नव्हे. ईश्वरी सापडली तीही गुरुवारीच, शाळा सुटण्याच्या आत आणि आवाराच्या आत.

शुक्रवारी शाळा ‘भीतीने बंद’ नव्हती. मार्थाबाई बसलेल्या आवाजात प्रार्थना सांगत होत्या.

पालकसभा सोमवारी, म्हणजे उद्या आहे. ज्यांनी मुले घरी ठेवली आहेत, त्यांनी अवश्य यावे.

शनिवारचा उल्लेख भरतने केलेला नाही, तो मी जोडतो. शनिवारी सकाळी ईश्वरीने छत्री माझ्या हातातून घेतली, स्वतः खुंटीला टांगली, मुठीला एकदा हात लावला आणि म्हणाली, “आबा, जा आता.”