उसन्या माणसाचं पत्र

मंगळवार, १९ एप्रिल १९९४. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये तीन कोटी चौऱ्याऐंशी लाख पंच्याहत्तर हजार डॉलर जागच्या जागी अडले, आणि ते अडवणारं पत्र लायल हॅनफर्डने लिहिलं होतं. सही अर्थातच सिनेटर एल्स्टाड यांची होती. लायलचा पगार मात्र ज्यांचे पैसे अडले त्यांच्याकडून येत होता.

यात लबाडी काही नव्हती. परराष्ट्र खातं दरवर्षी आपली काही माणसं सिनेटरांच्या कचेऱ्यांना वर्षभरासाठी उसनी देतं, शेजारणीने वाटीभर साखर द्यावी तशी. खात्याला वाटतं, आपला माणूस तिथे आपली बाजू मांडेल. सिनेटरला वाटतं, खात्याच्या घराची मागची दारं माहीत असलेला माणूस फुकटात मिळाला. दोघांचाही हिशेब बहुधा बरोबर निघतो.

लायल बावन्न वर्षांचा होता. ओहायोतल्या एका पोस्टमास्तरचा मुलगा. खात्यात चोवीस वर्षं काढली, पण राजदूत व्हावं असं त्याला कधी वाटलं नाही. त्याला सरळ, खाडाखोड नसलेला मसुदा लिहिता यायचा आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. निवृत्तीआधी एकदा बायकोला, डोरीनला, घेऊन समुद्रकाठी राहायचं, एवढी एकच इच्छा उरली होती आणि तीही जमत आली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका देशात अमेरिकेच्या वकिलातीत प्रकल्प अधिकाऱ्याची जागा निघणार होती आणि ती त्याला कबूल झाली होती. त्या देशाचं नाव सांगून उपयोग नाही. वॉशिंग्टनमध्येही फार थोड्यांना ते नकाशावर दाखवता आलं असतं. डोरीनने शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती. वॉशिंग्टनजवळचं सिल्व्हर स्प्रिंगचं घर ऑक्टोबरपासून भाड्याने द्यायचं ठरलं होतं.

तो प्रकल्प म्हणजेच ते अडलेले डॉलर. धान्याची नवी कोठारं बांधायला ते जाणार होते. पैसा बाहेर पाठवण्याआधी प्रशासनाने संसदेच्या समित्यांना कळवायचं आणि पंधरा दिवस थांबायचं, एवढंच कायदा सांगतो. पण रीत अशी, की तेवढ्यात एखादा सिनेटर ‘थांबा’ म्हणाला, तर पंधरा दिवस उलटले तरी थांबायचं. हे कुठेही लिहिलेलं नाही. तरी सगळे पाळतात, कारण पुढच्या वर्षीच्या तिजोरीची किल्ली सिनेटरांच्याच कमरेला असते.

एल्स्टाड नॉर्थ डकोटाचे, तीन पिढ्यांचे गव्हाचे शेतकरी. परराष्ट्र धोरणावर ते क्वचित बोलत, पण कोठारांचं टिपण त्यांनी दोनदा वाचलं. आधीच्या पैशातून तिथे बारा कोठारं उभी राहिली होती. त्यांनी लायलला बोलावलं.

“लायल, यांतल्या एखाद्या कोठारात गव्हात कोपरापर्यंत हात घातला, तर दाणा गार लागतो का गरम?”

लायलला माहीत नव्हतं. टिपणात पानंच्या पानं होती, पण हे नव्हतं.

“गरम लागला तर आतले पंखे बंद आहेत,” एल्स्टाड म्हणाले. “पंखे बंद तर गहू सडतोय. आणि सडका गहू ठेवायला मी आणखी कोठारं बांधून देणार नाही. खात्याला विचार. पण असं विचार, की त्यांना सांगावंच लागेल.”

सिनेटरांचं परराष्ट्र काम जोलीन कुबिक बघायची. जिभेने तिखट, पण मनाने सरळ. तिने लायलला बाजूला घेतलं आणि म्हणाली, तुझी जागा याच पैशावर आहे, हवं तर मी लिहिते. लायल म्हणाला, तू लिहिलंस तर ते तुला फिरवतील. मला फिरवता येणार नाही.

हे खरं होतं. खात्याची टोलवाटोलवी त्याला पाठ होती, कारण तिच्यातली निम्मी त्याच्याच हातची होती. ‘काम टप्प्याटप्प्याने प्रगतिपथावर आहे.’ ‘संबंधितांशी विचारविनिमय सुरू आहे.’ एकेक पळवाट आठवून त्याने एकेक दार बंद केलं. प्रत्येक कोठाराचं नाव द्या. आपला माणूस त्याच्या आत शेवटचा कधी उभा राहिला ते सांगा. त्या माणसाचं नाव सांगा. त्या दिवशी पंखा फिरत होता का? धान्य गार होतं का गरम? पत्र पाऊण पानाचं झालं. जोलीनने वाचलं आणि म्हणाली, “बिचारा ज्याला याचं उत्तर लिहायचंय तो.”

उन्हाळा गेला, उत्तर आलं नाही. उसनवारीची मुदत संपली आणि एक सप्टेंबरला लायल खात्यात परतला. पैसे अडलेले, म्हणून वकिलातीतली जागाही अडलेली. तोवर बसवायचं कुठे, तर त्याला टॉड कॉर्बिनच्या हाताखाली दिलं. कॉर्बिन चौतिशीचा, राष्ट्राध्यक्षांच्या प्रचारातून थेट वरच्या खुर्चीत आलेला. त्याने एक फाइल लायलच्या पुढ्यात सरकवली.

“तुम्ही तिकडे वर्षभर होतात ना? मग हे तुम्हीच निस्तरा. चार महिने झाले, कुणाला उत्तर जमत नाहीये. हे कुणी लिहिलंय देव जाणे. आपल्यातलाच कुणीतरी घरभेदी असणार.”

लायलने फाइल उघडून पाहिली. “मीच,” तो म्हणाला.

 कॉर्बिन हसला, पण फारसा नाही. “मग तर सोपंच आहे. तुम्हीच घातलेली गाठ, तुम्हीच सोडवा. तीसपर्यंत.”

तीस सप्टेंबरला सरकारी वर्ष संपतं. त्या रात्री न सुटलेला पैसा तिजोरीत परत जातो, आणि त्याच्याबरोबर लायलची जागाही गेली असती.

पहिले काही दिवस त्याने प्रामाणिकपणे खात्याची चाकरी केली. ‘बहुतांश कोठारं कार्यान्वित आहेत,’ असं लिहिलं आणि लगेच त्याच्या डोक्यातली जोलीन म्हणाली, बहुतांश म्हणजे किती? ‘अलीकडेच पाहणी झाली,’ असं लिहिलं. पण पत्रात नाव मागितलं होतं. घरी डोरीनला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना. ती म्हणाली, “वर्गात मुलं माझ्या प्रश्नांना अशीच उत्तरं देतात. मी शून्य देते.”

कॉर्बिनचा धीर सुटला. कायद्याने पंधरा दिवस कधीच उलटलेत, पैसे सरळ पाठवून देऊ, असं त्याने ठरवलं. त्याचंही म्हणणं अगदी चूक नव्हतं. तिकडे दुष्काळ होता, आणि एका सिनेटरच्या शंकेपायी धान्याची सोय अडून राहावी हे त्याला खुपत होतं.

“परराष्ट्र धोरण राष्ट्राध्यक्षांनी चालवायचं, का नॉर्थ डकोटाने?” त्याने विचारलं.

“चालवतात राष्ट्राध्यक्षच,” लायल म्हणाला. “पण पेट्रोल तिकडून येतं. आज तुम्ही त्यांना डावललंत तर पैसे जातील, हे खरं. पुढच्या वर्षी मात्र ते अडवणार नाहीत, देणारच नाहीत. आणि साहेब, त्यांनी काही वाकडं विचारलेलं नाही. दाणा गार आहे का गरम, एवढंच विचारलंय. आपल्याला ते माहीत नाही. मला वाटतं, आपल्याला माहीत करून घ्यायचं नाही.”

कॉर्बिनने फाइल ओढून घेतली आणि पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग त्याने विचारलं, “वकिलातीतून कुणाला आत उभं करायला किती दिवस लागतील?”

लायलला त्याचं हे रूप नवीन होतं. प्रचारात घरोघर माणसं पाठवलेला तो गडी. एकदा मनावर घेतल्यावर त्याने वकिलातीला फोन करकरून हैराण केलं. तिथला एक तरुण सचिव जीप घेऊन निघाला आणि बाराच्या बारा कोठारांत बाह्या सरसावून उतरला. चार कोठारांत पंखे चालू, दाणा गार. पाचांत विजेची जोडणीच नव्हती, दाणा गरम. उरलेल्या तिन्हींत धान्य नव्हतं; कंत्राटदाराने तिथे सिमेंटची पोती रचली होती.

लायलने हे जसंच्या तसं लिहिलं. आता खात्यातल्या डझनभर कचेऱ्यांच्या संमतीच्या सह्या हव्या होत्या, आणि प्रत्येक कचेरीला ‘सिमेंट’ हा शब्द काढायचा होता. एकाने ‘बांधकाम साहित्य’ सुचवलं. कॉर्बिन स्वतः कागद घेऊन मजल्यामजल्यावर फिरला आणि सगळ्यांना एकच सांगत गेला, की राष्ट्राध्यक्षांच्या माणसाला लाज वाटत नाहीये, तर तुम्हाला का वाटावी? सिमेंट राहिलं.

सत्तावीसला लायल उत्तर घेऊन एल्स्टाडांकडे गेला. म्हातारबुवांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

“पाच गरम,” ते म्हणाले. “म्हणजे मी समजत होतो त्यापेक्षा बरं आहे. हे उत्तर लिहिलं कुणी?”

“मी, सिनेटरसाहेब.”

“आणि प्रश्न?”

“तोही मीच.”

“मग परीक्षक म्हणून तरी मला राहू दे,” एल्स्टाड म्हणाले आणि त्यांनी अट सांगितली. तूर्त नवीन कोठार एकही नाही. आधी पाचांना वीज, तिघांतली पोती बाहेर, आणि खात्याचा एक माणूस दर महिन्याला प्रत्येक कोठारात उतरून कळवेल. एवढं लिहून दिलंत तर पैसे आजच सोडतो. लायलने तिथूनच फोन लावला. कॉर्बिन म्हणाला, लिहून द्या. मग म्हणाला, “उतरणारा माणूस कोण, ते कळलं ना तुम्हाला?”

लायलला ते फोन लावण्याआधीच कळलं होतं. जागा राहिली, पण समुद्रकाठच्या राजधानीतली नाही. कोठारं किनाऱ्यापासून दिवसभराच्या रस्त्यावर, रखरखीत मुलुखात होती. त्याने डोरीनला शाळेत फोन करून विचारलं. तिने एकच विचारलं, तिथे शाळा आहे का? आहे, असं कळल्यावर म्हणाली, “मग समुद्र निवृत्तीनंतर बघू. तू लिहिलंयस ना, मग तूच उतर.”

जोलीन त्याला सिनेटच्या तळघरातल्या उपाहारगृहात जेवायला घेऊन गेली. तिने टर्कीचं सँडविच घेतलं, लायलने सूप. संसदेच्या माणसाने संसदेचं द्यायचं आणि खात्याच्या माणसाने खात्याचं, हा तिथला बिलाचा शिरस्ता. पण गल्ल्यापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की पर्स वर कचेरीतच राहिली. लायलने दोघांचे दिले. पुढच्या वेळी देते, म्हणाली. पंधरा ऑक्टोबरला हॅनफर्ड नवरा-बायको विमानात बसले.

सँडविचचे चार डॉलर पंधरा सेंट जोलीन कुबिककडून अजून येणं आहे.