झटकलेले कपडे

शेजारी ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापत होते. तो कोरडा, राखेसारखा वास आला आणि यवतमाळच्या दवाखान्यातली जुनी दुपार आठवली. त्याआधी वर्षभर मालती, माझी बायको, पायरीवर थांबायची, बरगडी धरायची. ‘वय झालं तुझं,’ म्हणून मी हसायचो.

छातीतलं पाणी काढून तपासल्यावर डॉक्टर मालतीला म्हणाले, “हा कॅन्सर ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या धुळीनं होतो. त्या कामावर होता का?”

“मी कायले जाऊ?” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “ पत्रे तं हेच कापत जवानीत. मी फक्त यायचे धुळीनं पांढरे झालेले कपडे झटको.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. तिला नाही, आणि मी कधी सांगितलंही नाही.

“मंग पहिले यायले तपासा न जी!” ती घाबरून म्हणाली.

मी शर्ट काढला. माझी छाती साफ निघाली, तेव्हा ती केवढी खूश झाली!